बाईंचा मासा लागलाय

कुणीतरी मरावं म्हणून वाट बघत बसणं हे काही चांगल्या माणसाचं लक्षण नाही. नव्वदच्या दशकातली पाच-सहा वर्षं मी मात्र तेच केलं, आणि त्याबद्दल विद्यापीठानं मला पदवी दिली.

मी पालघरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. राहायला आम्ही बोईसरला, सालवडच्या बाजूला, दोन खोल्यांच्या जागेत. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केमिस्ट होता. सकाळी तो सायकलवरून कारखान्यात जायचा आणि मी गाडीनं पालघरला. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन, त्यामुळे वाचायला घेतलेलं पुस्तक वर्षानुवर्षं संपायचं नाही. बारा वर्षं बेडूक आणि झुरळं उघडून दाखवल्यावर एक दिवस प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "पीएच.डी. नसेल तर बढतीचं विसरा."

मुंबईत मला एक मार्गदर्शक मिळाले. त्यांनी माझा पत्ता वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही समुद्राजवळ राहता! मग डॉल्फिनच घ्या." आमच्या खिडकीतून दिसायची ती दोन धुराडी आणि एक पाण्याची टाकी, पण हे सांगायला मी धजावले नाही.

विषय त्यांनी तिथल्या तिथे समजावला. परदेशात डॉल्फिन मोठ्या संख्येनं मरून किनाऱ्याला लागत होते आणि त्यांच्या फुप्फुसांत एक विषाणू सापडला होता. माणसांचा गोवर, गुरांची बुळकांडी आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातला हा. आपल्याकडच्या डॉल्फिन आणि देवमाशांत तो आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं. विषाणूच्या जनुकांचा एक बारीकसा तुकडा घ्यायचा, यंत्रात त्याच्या लाखो प्रती काढायच्या आणि तुकड्यातली अक्षरं वाचायची. अक्षरांवरून विषाणू कुठल्या घरचा ते कळतं. "तुम्ही फक्त ताजं फुप्फुस आणा," ते म्हणाले. ताजी कोथिंबीर आणा म्हणावं तसं.

पहिली अडचण कायद्याची आली. डॉल्फिन संरक्षित प्राणी, मेल्यावरसुद्धा. परवानगीचा अर्ज घेऊन मी वनखात्याच्या एका कार्यालयात गेले. तिथले साहेब आयुष्यभर साग आणि खैर सांभाळत आलेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "बाई, समुद्रात झाडं नसतात," ते म्हणाले. सात महिन्यांनी परवानगी आली. मृत प्राण्यांच्या अवयवांचे नमुने घेण्यास हरकत नाही, मात्र नमुने घेताना प्राण्यास कोणतीही इजा होणार नाही याची दक्षता घ्यावी, असं तिच्यात लिहिलं होतं. ती अट मी शेवटपर्यंत पाळली.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला बातमी आली की बोईसरच्या पश्चिमेला, कोळ्यांच्या एका गावात, देवमासा लागलाय. कॉलेज सुटल्यावर मी टमटम बदलत तिथे पोचले तर अर्धा तालुका माझ्याआधी आला होता. वडापावची गाडी होती, फुगेवाला होता, शाळेची सहल होती. देवमासा आमच्या दोन खोल्यांपेक्षा लांब होता. त्याच्या डोक्याशी कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडले होते, आणि बाकी सगळ्या अंगावर पोरांनी काठीनं आपापली नावं कोरली होती. वास इतका की लोक नाकाला रुमाल लावून वडा खात होते.

मी पिशवीतून कॉलेजातली बेडूक कापायची पेटी काढली. पातं माझ्या करंगळीएवढं. देवमाशाच्या चरबीचा थरच वीतभर होता. मी वाकून कुठे सुरुवात करावी ते बघत होते, तेव्हा मागून आवाज आला, "बाई, तेला कोयता लागंल."

मागे पन्नाशीची एक कोळीण उभी होती. डोक्यावर रिकामी पाटी, पायाशी एक तांबडा कुत्रा. मी काय करतेय ते तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्याला मरून चार दिस झालं. ताजा पायजे तर आदी सांगायचं ना!"

जणू मी पापलेट मागितलं होतं आणि उशिरा आले होते.

तिला मी मावशी म्हणू लागले. गावाच्या टोकाला बांबूंच्या मांडवावर ती बोंबील सुकवायची आणि सुकी मासळी बोईसरच्या बाजारात विकायची. नवरा कधीच वारला होता, मुलगी उमरोळीला दिलेली. तांबडा कुत्रा बोंबलांवरचे कावळे हाकायचा. त्याला ती घरातला माणूस मोजायची. मावशी म्हणाली, "आमच्याकडं लागतात. बारके. ते हसल्यासारखं तोंड असतंय ते. मी तुमाला सांगीन. पन तो का मेला ते तुमी आमाला सांगायचं. कागदावर."

"कागद कशाला?"

"आमी बोललेलं कोन आयकतंय?"

खाडीच्या तोंडाशी एका कारखान्याचं नाल्यातलं पाणी यायचं. त्या पाण्यानं मासळी मरते असं गावाचं म्हणणं होतं, आणि तसं काही नाही असं कारखान्याचं. तो कारखाना माझ्या नवऱ्याचाच होता, म्हणजे तो तिथे नोकरीला होता. मी मावशीला कबूल केलं खरं. पण कुठल्या कारखान्यात नवरा आहे हे त्या दिवशी सांगितलं नाही. तिनं ते पुढच्या बाजारी स्वतःच शोधून काढलं आणि मला एवढंच म्हणाली, "मंग तर बरंच झालं. घरातनंच कळंल तुमाला."

दुसरी अडचण नमुना टिकवण्याची. हा विषाणू नाजूक. मेलेल्या शरीरात त्याची जनुकं तासातासाला तुटत जातात, आणि साध्या बर्फात ती फार टिकत नाहीत. आमच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी डबा ठेवून पाहिला, पण बोईसरची वीज आणि माझं संशोधन यांचं जमेना. शेवटी पालघरच्या गुरांच्या डॉक्टरांनी तोड काढली. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे द्रव नायट्रोजनचं भांडं असायचं, पोटाशी धरावं एवढं, आत हाडं गोठवणारा गारवा. जातिवंत वळूंच्या नळ्यांच्या शेजारी त्यांनी मला एक कोपरा दिला. "नळ्यांची अदलाबदल होऊ देऊ नका," ते म्हणाले, "नाहीतर वाडा तालुक्यात पोहणारी वासरं होतील."

बर्फाच्या कारखान्यातल्या फोनवरून मावशी कॉलेजच्या ऑफिसात फोन करायची. आमचे हेडक्लार्क तो घेत आणि स्टाफरूमच्या दारात येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगत, "मॅडम, तुमचा मासा लागलाय." काही महिन्यांत सबंध कॉलेजात माझ्या कुणा नातेवाइकाची चौकशी करावी तसं लोक विचारू लागले, "काय, मेलं का कुणी?" आणि कुणी मेलं नसलं की माझा चेहरा पडायचा. तो पडलेला मला आरशात दिसला आहे.

दोन वर्षांत तीन नमुने मिळाले. तिन्ही शिळे, तिन्हींतून काही निघालं नाही. मग एका सकाळी फोन आला, ओहोटी लागली होती तेव्हा. तास सोडून मी गेले. ती डॉल्फिनची मादी होती, राखाडी, माझ्या उंचीपेक्षा थोडी मोठी. डोळा अजून निवळ होता. मावशीनं तिच्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवलं होतं आणि कुत्र्याला दूर बांधलं होतं.

तोवर माझ्याकडे कोयता आला होता. मी हातमोजे चढवले आणि पोटाकडून सुरुवात केली. शेपटीच्या अलीकडे दोन बारीक खाचा असतात, त्यांत स्तन असतात. तिथे दाबलं गेलं आणि पांढरं, दाट काहीतरी वाळूवर सांडलं.

मावशी मागे सरली. "ह्ये काय?"

"दूध."

"माशाला दूध?"

"मासा नाही हा, मावशी. पिल्लाला जन्म देते, पाजते. आपल्यासारखी."

मावशीनं समुद्राकडे पाहिलं. पाणी लांब गेलं होतं आणि तिथे काही दिसत नव्हतं. "पिलू कुटं आसंल?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. आई मेल्यावर तान्हं पिल्लू जगत नाही एवढंच मला माहीत होतं, आणि ते मी सांगितलं नाही. मी फुप्फुसाचे तुकडे कापून नळ्यांत भरले. मावशीनं पदरानं डोळे पुसले. मी घड्याळ पाहिलं. दोन वर्षांत प्रथमच मला ताजा नमुना मिळाला होता आणि मी आतून इतकी खुश होते की वर बघायची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात मी नमुना मुंबईला नेला. यंत्र नीट चालतं आहे हे कळायला शेजारी एक खात्रीचा नमुना चालवावा लागतो, ज्यात त्याच घराण्यातला विषाणू आहे हे नक्की ठाऊक असतं. मार्गदर्शकांनी सुचवलं की कुत्र्यांच्या डिस्टेंपरची लस चालेल. लशीत तोच विषाणू असतो, फक्त मवाळ केलेला. गुरांच्या डॉक्टरांनी मला एक बाटली दिली. ती घेऊन मी प्रयोगशाळेत गेले, हातमोजे चढवले, लस पाण्यात मिसळली, बाटली बाजूला ठेवली आणि मग फुप्फुसाचा तुकडा कापायला घेतला. हातमोजे तेच. तिथे हातमोजे धुऊन, पावडर लावून, दोरीवर वाळत घालून पुन्हा वापरायची पद्धत होती. दोरीवर ते बोंबलांसारखे दिसत. मधेच मोजे बदलणं हा माज वाटला असता.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, जांभळ्या दिव्याखाली, जेलीच्या पातळ वडीवर दोन रेघा चमकल्या. एक लशीची. एक माझ्या डॉल्फिनची, म्हणजे तिच्यातही विषाणू. मार्गदर्शक "अरे वा!" म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला "अरे वा" म्हटलं नव्हतं, असं तिथल्या सहायकानं मला नंतर सांगितलं. अक्षरं वाचण्यासाठी तुकडा दुसऱ्या मोठ्या संस्थेत पाठवला. उत्तर यायला दोन-तीन महिने लागणार होते. तोवर गप्प बसायचं, असं सरांनी बजावलं.

मी गप्प बसले. फक्त स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारल्यावर सांगावं लागलं. आमच्यात मराठीचे एक प्राध्यापक होते, ते एका स्थानिक साप्ताहिकाला बातम्या पुरवत. त्यांनी दोन पेढे घेतले. रविवारी पहिल्या पानावर बातमी होती: "डॉल्फिनला कुत्र्यांचा रोग! पालघरच्या प्राध्यापिकेचा शोध."

त्या बातमीत चूक अशी एकच होती. पण ती मथळ्यात होती. मी "कुत्र्यांच्या रोगाच्या घराण्यातला" म्हटलं होतं. मथळ्यात घराणं मावलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी नवऱ्याच्या कारखान्याचे मॅनेजर आमच्या घरी आले. ते आमच्याकडे कधी आले नव्हते. हातात मिठाईचा खोका होता. दोन खोल्यांत बसायला एकच खुर्ची होती, तिच्यावर ते बसले आणि नवरा उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही फार मोठं काम केलंत," ते म्हणाले. "उगाच आमच्या पाण्याला नावं ठेवत होते. आता शास्त्रानंच सिद्ध केलं, की विषाणू आहे."

"अजून सिद्ध व्हायचंय," मी म्हटलं.

"होईल, होईल." त्यांनी बातमीच्या कात्रणाच्या प्रती काढल्याच होत्या. एक मलाही दिली.

गावात वेगळंच घडलं. बातमी वाचून पंचायतीनं ठरवलं की कुत्र्यांमुळे मासे मरत असतील तर कुत्रे किनाऱ्यावर नकोत. चार दिवसांत किनारा रिकामा झाला. काही कुत्रे हाकलले, काही पोत्यात घालून टेम्पोनं वसाहतीत सोडले, काहींचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मावशीनं आपला तांबडा कुत्रा उमरोळीला लेकीकडे पाठवला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा ती स्वतः काठी घेऊन कावळे हाकत होती.

"तो कुत्रा तर माशाच्या जवळ पन नवता गेला," ती म्हणाली. "तुमीच बगितलं ना? बांदला व्हता मी."

मी म्हटलं, "कुत्र्यांमुळे झालं असं मी म्हटलंच नाही."

"पेपरात हाय."

अडीच महिन्यांनी मार्गदर्शकांचं पत्र आलं. आंतरदेशीय पत्र, तीन ओळी. डॉल्फिनमधल्या तुकड्याची अक्षरं आणि कुत्र्यांच्या लशीची अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळत होती. समुद्रातला विषाणू कितीही जवळचा नातेवाईक असला तरी काही अक्षरं वेगळी असणारच. एकही वेगळं नाही याचा अर्थ तो समुद्रातून आलेलाच नव्हता. तो बाटलीतून आला होता, माझ्या हातमोज्यावर बसून.

पत्र मी दोनदा वाचलं. मग नवऱ्याला दिलं. तो केमिस्ट, एका वाचनात समजलं. त्यानं पत्राची नीट घडी केली आणि विचारलं, "हातमोजे धुतले होतेस?"

"दोरीवरचे होते. लशीनंतर नाही धुतले."

"हं," तो म्हणाला. त्याच्या "हं"मध्ये मी अख्खी तोंडी परीक्षा दिली.

त्याच आठवड्यात गावच्या शाळेत बैठक ठरली होती. तालुक्याचे अधिकारी येणार, कारखान्याचे मॅनेजर येणार, गाव येणार. विषय: खाडीतली मासळी कशानं मरते. मॅनेजरांनी नवऱ्याला विचारून ठेवलं होतं, "मॅडम येतायत ना?" मी घरी म्हटलं, नाहीच गेले तर? पत्र काय, फक्त आपल्याकडे आलंय.

नवरा पोळी खात होता. "जे आहे ते सांग," तो म्हणाला. "फार तर मला गोदामात टाकतील."

आदल्या दिवशी मी मावशीकडे गेले. तिला आधी सांगायचं होतं. मी हातमोज्यापासून बाटलीपर्यंत सगळं सांगितलं. ती बोंबील उलटत ऐकत होती.

"म्हंजी मासा कुत्र्याच्या रोगानं नाय मेला."

"तो विषाणू त्याच्यात होता असं म्हणता येत नाही."

"मंग कशानं मेला? त्या पान्यानं?"

"तेही म्हणता येत नाही. ते मी तपासलंच नाही."

तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. "तुमचं शिक्षान काय म्हन्तंय मंग?"

"माहीत नाही, असं म्हणतंय."

"त्ये तर आमाला बी माईत नवतं," मावशी म्हणाली. "त्येच्यापायी माजा कुत्रा गेला?"

मी माफी मागितली. ती "ऱ्हाऊ द्या" म्हणाली नाही. चहा विचारला नाही. मी उठले तेव्हा एवढंच म्हणाली, "उद्या शाळेत सांगनार तुमी ह्ये? समद्यांसमोर?"

"हो."

"बगू."

बैठकीत मला दुसरं भाषण दिलं होतं. पहिलं मॅनेजरांचं झालं; त्यांनी माझं तीनदा कौतुक केलं. मी उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या कामात चूक झाली आहे, तो विषाणू माझ्याच हातमोज्यावरून नमुन्यात गेला, म्हणून त्या बातमीवरून कुणीही काही सिद्ध झालं असं समजू नये. मला वाटलं, आता कारखान्याची माणसं चिडतील.

पहिल्यांदा चिडलं ते गाव. पंचायतीनं बातमीच्या आधारे सरकारकडे अर्ज केला होता, मासळीत साथ आली आहे, नैसर्गिक आपत्ती म्हणून मदत मिळावी. मागच्या बाकावरचा, स्वतःची होडी चालवणारा एक तांडेल उठून म्हणाला, "बाई, साहेबांनी अर्ज घेतलाय आमचा! आता तुमी म्हन्ता साथच नाय?" नाल्याच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं दिलेले अर्ज कुणी घेतले नव्हते, विषाणूचा पहिल्या फेरीत घेतला होता. गावानं नाला सोडून विषाणू धरला होता, आणि तो मी त्यांच्या हातून काढून घेत होते.

मॅनेजर मात्र हसत उठले. "मॅडमचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे," ते म्हणाले. "फक्त एक सांगा. विषाणू नव्हताच, असं तुम्ही खात्रीनं म्हणू शकता का?"

"नाही," मी म्हटलं.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले आणि बसले.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, मग सर्वानुमते विषाणूच धरू या का? तेव्हा बायकांच्या बाजूनं मावशी उठली. तिनं पदर खोचला. "सायेब, ती बाई सोता उबी ऱ्हाऊन सांगते का माजी चूक झाली. तिचा मालक त्या कंपनीत हाय, तरी सांगते. मंग तुमी तिची चूक कशाला उचलून धरता? तुमी दुसरी आना कोनतरी, हात धुवून येनारी. पानी पन तपासा आन मासा पन."

लोक हसले, पण मुद्दा नोंदला गेला. पाणी तपासायला माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली. अहवाल मी कधी पाहिला नाही. दीड-दोन वर्षांनी नाल्याचं तोंड खाडीतून हलवून पुढे नेलं; कारण म्हणून रस्त्याचं रुंदीकरण सांगितलं गेलं. नवऱ्याची बदली बैठकीनंतर महिन्याभरात गोदामात झाली. तिथे पंखा होता, प्रयोगशाळेत नव्हता, त्यामुळे त्याला ती बढती वाटली. निदान मला तसं सांगायचा.

साप्ताहिकात खुलासा छापून आणायला मी तीनदा गेले. मराठीचे प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, न झालेल्या गोष्टीची बातमी होत नाही." शेवटी चौथ्या पानावर, हरवलेल्या रेशनकार्डाच्या निवेदनाखाली, दोन ओळी आल्या. त्या वाचून पंचायतीनं कुत्रे परत बोलावल्याचं ऐकिवात नाही. कुत्रे आपले आपणच आले. मावशीचा मात्र उमरोळीला रमला. लेकीची पोरं त्याला सोडेनात.

मावशी काही महिने माझ्याशी बेतानं बोलायची. फोन मात्र करायची. आणखी चार नमुने मिळाले. मी प्रत्येक वेळी नवे हातमोजे घातले, लस दुसऱ्या खोलीत दुसऱ्याच माणसाकडून उघडवली. एकातही विषाणू सापडला नाही. प्रबंधाचा निष्कर्ष असा झाला, की तपासलेल्या मोजक्या नमुन्यांत विषाणू आढळला नाही, आणि त्यावरून फारसं काही म्हणता येत नाही. मार्गदर्शकांनी हातमोज्याच्या चुकीवर एक अख्खं प्रकरण लिहायला लावलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेवढंच प्रकरण वाचलं होतं. "हे फार उपयोगी आहे," ते म्हणाले. "आमच्याकडेही असं होतं, पण आम्ही लिहीत नाही." पदवी मिळाली. बढती पुढच्या वर्षी, कारण त्या वर्षीची जागा भरून झाली होती.

गावात मात्र मी माशांची डॉक्टर झाले. मावशीच तसं सांगायची, "आमची बाई डाक्टर झाली, पन मेलेल्यांची."

एका सकाळी, पहिला तास सुरू व्हायच्या आधी, हेडक्लार्क नेहमीसारखे दारात आले. "मॅडम, तुमचा मासा लागलाय. पण फोनवर म्हणतायत, जिता हाय."

मी रिक्षा केली. गेले तेव्हा पंधरा-वीस बाया एका लहानशा डॉल्फिनभोवती वर्तुळ करून हंड्यांनी पाणी ओतत होत्या. त्याच्या पाठीवर भिजवलेली लुगडी टाकली होती. तो मधूनच फुसकन श्वास सोडायचा आणि बाया दचकून हसायच्या. मला बघून सगळ्यांनी वाट करून दिली. डॉक्टर आली होती.

जिवंत डॉल्फिनचं काय करायचं, हे माझ्या प्रबंधात कुठेच नव्हतं. मला एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती मी सांगितली: डोक्यावरच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका, तिथून तो श्वास घेतो. तेवढं त्यांनी ऐकलं. मग मी पिशवीतून सुई काढली. जिवंत प्राण्याचं ताजं रक्त. इतक्या वर्षांत असा नमुना मला मिळाला नव्हता, देशात कुणाला मिळाला होता का तेही माहीत नव्हतं.

मावशीनं सुई पाहिली. "ती कशापायी?"

"चमचाभर रक्त हवंय. शेपटीतून."

"दुखंल तेला?"

"थोडं."

भरती चढू लागली होती. गडी जाळं घेऊन आले होते, डॉल्फिनच्या पोटाखालून ते सरकवत होते. मावशी मला म्हणाली, "घ्यायचं तर घ्या बिगीबिगी. आमी थांबनार नाय. पानी आलं."

मी शेपटीशी बसले. शीर कुठे असते ते चित्रात पाहिलेलं होतं. एवढ्यात लाट आली, जाळं एका बाजूला कललं, आणि त्या बाजूच्या गड्यानं जाळ्याचं टोक माझ्या अंगावर टाकलं. "धरा, धरा बाई!" मी दोन्ही हातांनी धरलं. सुई कुठे गेली ते मला आजही सांगता येणार नाही. ओढत, पडत, गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पाण्यात आम्ही त्याला नेलं. जाळं सैल केल्यावर तो क्षणभर तिथेच तरंगत राहिला. मग शेपटीचा एक फटका बसला, मावशी आणि मी दोघी पाण्यात बसलो, आणि तो गेला. पुन्हा एकदा पाठ दिसली, मग नाही.

मावशी चिंब भिजून हसत होती. "गेला गं बाई," ती म्हणाली. तिनं मला हात देऊन उठवलं, घरी नेलं, आपलं कोरडं लुगडं दिलं आणि पुढ्यात चहा ठेवला. त्या लुगड्यात मी पालघरला परतले. दुपारचे दोन वाजले होते. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरणं भाग होतं. हेडक्लार्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मासा का?"

"हो."

"मेला?"

"नाही. परत पाण्यात गेला."

"मग नमुना?"

"नाही घेतला."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "मग कारण काय लिहायचं?"

मी थोडा विचार केला आणि लिहिलं: घरगुती काम. त्यांनी शिक्का मारला.